बूस्टची कळ आणि भाऊजींचं नाव

मंगळवार, १४ मार्च २०२३. साडेदहाला भाऊजी आले. ह्यांच्या कॉम्प्युटरवर तपासणी. बूस्ट चालू: १०.४० ते ११.२२, बेचाळीस मिनिटं. पंखा शांत. बूस्ट बंद: ११.३० ते १२.०१, एकतीस मिनिटं. पंख्याचा मोठा आवाज. भाऊजी जेवायला थांबले नाहीत. दुपारी पडदे धुतले.

त्या दिवशी मी वहीत एवढंच लिहिलं होतं. शाळेत आम्हाला हस्ताक्षर शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, आधी जे पाहिलंस ते लिही, काय वाटलं ते जागा उरली तर. माझ्या वहीत जागा क्वचितच उरते.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "याला मुलगी दाखवायला नेलं की हा त्यांच्या घरातलं बंद घड्याळ दुरुस्त करून येतो. मुलगी बघायची राहूनच जाते." चौतीस वर्षं त्यांनी वीजपुरवठ्याच्या कार्यालयात काढली. कुठल्या भागाला कधी किती वीज लागेल याचे तक्ते ते करायचे. तक्ता भाऊजींचा, सही साहेबांची. निरोपाच्या दिवशी नव्या साहेबांनी हार घालता घालता शेजारच्याला विचारलं, "हे कुठल्या विभागात होते?" भाऊजींनी ते ऐकलं. तेव्हा त्यांचे कान चांगले होते.

निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटरचं शिकले. कॉम्प्युटरनं वीज किती खर्चायची ते ठरवणारं एक छोटंसं साधन आहे. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. देशोदेशीची माणसं आपल्या घरी बसून त्यात भर घालतात आणि कुणी कुणाला पाहिलेलं नसतं. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती निघते आणि तिच्यासोबत एक यादी येते, कोणी काय केलं त्याची. सहा वर्षं भाऊजी दुसऱ्यांच्या चुका दाखवून देत होते. चुका दुरुस्त करणारे वेगळे, त्यामुळे यादीत नावं त्यांची. प्रत्येक यादी भाऊजी मला आणून दाखवायचे. "हे बघा वहिनी, हे चौथं नाव आहे ना, त्याला मी सांगितलं होतं." मी चौथं नाव बघायची. भाऊजींची नजर मात्र यादीच्या खाली, कोऱ्या जागेवर असायची.

या खेपेला त्यांनी स्वतः काहीतरी लिहिलं होतं. साधनातून बूस्ट चालू-बंद करण्याची सोय. बूस्ट म्हणजे काय, ते त्यांनी मला आमच्या जिन्यात उभं राहून समजावलं. "एरवी आपण एकेक पायरी चढतो. घाई असली की दोन-दोन. वर लवकर पोचतो, पण धाप लागते. प्रोसेसरचंही तसंच. जोर लावला की काम लवकर होतं, पण तापतो, आणि मग पंखा जोरात फिरतो. कधी जोर हवा, कधी नको, हे माणसाला ठरवता यायला पाहिजे."

"तुम्ही तर एकेक पायरीलाही धापा टाकताय," मी म्हटलं.

"माझ्यात ती सोयच नाही, वहिनी."

साधनाची जबाबदारी ज्या परदेशी बाईंकडे आहे, त्यांना भाऊजी हेडबाई म्हणतात. हेडबाईंनी कळवलं, तुमचं काम नीट दिसतंय, पण दुसऱ्या बनावटीच्या प्रोसेसरवर चालवून बघा. भाऊजींकडे एकच कॉम्प्युटर. दुसऱ्या बनावटीचा होता तो ह्यांचा.

हे भूगोलाचे शिक्षक. मोठी सुट्टी लागली की टेपरेकॉर्डर घेऊन पक्ष्यांचे आवाज टिपत फिरायचे. म्हातारपणी त्या टेपा कॉम्प्युटरवर चढवून त्यांतली खरखर काढत बसायचे. एका टेपेला अर्धा-पाऊण तास लागायचा आणि तेवढा वेळ पलीकडच्या खोलीतून पंख्याची घरघर ऐकू यायची. चार वर्षं झाली, ती घरघर नाही. मी कॉम्प्युटरवर चादर घातली होती.

चादर भाऊजींनीच काढली. घडी करून माझ्या हातात दिली. मग ह्यांची खुर्ची बाजूला सरकवून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि त्यावर बसले. "खुर्ची आहे की," मी म्हटलं. "राहू दे. उंच होते," म्हणाले. खुर्ची उंच नाही.

तपासायला काम हवं होतं, म्हणून ह्यांची एक राहिलेली टेप लावली. भाऊजी पडद्याकडे बघत होते, मी घड्याळाकडे. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सवय जात नाही. पडद्यावर "चालू" आलं, नंतर "बंद" आलं. भाऊजी म्हणाले, "झालं! दोन्हीकडे बरोबर." कानातलं यंत्र त्यांच्या खिशात होतं. ते घातलं की डोक्यात माश्या घोंगावतात म्हणे.

गुरुवारी हेडबाईंचं उत्तर आलं. काम घेतलं, सोमवारच्या आवृत्तीत असेल. शुक्रवारी सकाळी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"नकटीच्या लग्नातली सतराशे विघ्नं संपली बरं का, वहिनी! हेडबाईंनी पाठवलेल्या कच्च्या यादीत अकरावं नाव. मी मोजलं."

"अकरावं म्हणजे बरंच वर."

"चांगलं वर. दादा असता तर..." ते थांबले. मग म्हणाले, "मंगळवारचं काय लिहिलंय तुम्ही? वाचा ना. माझं नाव तुमच्या वहीत तरी आधी आलं असेल."

मी वही आणली, चष्मा लावला आणि वाचलं. बूस्ट चालू, बेचाळीस मिनिटं, पंखा शांत. बूस्ट बंद, एकतीस मिनिटं, मोठा आवाज.

भाऊजी हसत होते, ते थांबले.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"तुमचं घड्याळ मागं पडत असेल."

"घड्याळ बरोबर आहे."

"मग तुम्ही उलटं लिहिलं असेल. आधीचं नंतर."

"भाऊजी, बावन्न वर्षं लिहितेय मी."

ते आत गेले, कॉम्प्युटर सुरू केला, तीच टेप लावली. बूस्ट चालू केलं. मग उठून कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला तळहात टेकवून उभे राहिले, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. दहा मिनिटं. नंतर बूस्ट बंद केलं आणि पुन्हा हात ठेवला. आता पंखा घरघरू लागला. भाऊजींना तो ऐकू येत नव्हता, पण हाताला गरम वारा लागला असणार. त्यांनी डोळे मिटले. मी दारात उभी राहून ती घरघर ऐकत होते. खरं सांगायचं तर क्षणभर भाऊजींचं काय चाललंय ते मी विसरलेच.

चूक अशी होती. काही प्रोसेसरांत कळ "बूस्ट चालू" अशी असते. तिथे एक हा आकडा लिहिला की बूस्ट चालू होतं. ह्यांच्या प्रोसेसरात ती "बूस्ट बंद" अशी होती. तिथे एक लिहिलं की बंद. भाऊजींनी सगळीकडे एकच नियम लावला होता, आणि साधन बापडं आपण जे लिहिलं तेच "चालू" म्हणून दाखवत होतं.

"दुरुस्त करायला किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"दुरुस्ती दोन ओळींची. पण परत तपासायचं, परत चार जणांनी बघायचं. सोमवारपर्यंत होत नाही."

"मग असंच जाऊ दे ना. पुढच्या वेळी दुरुस्त करा. कुणाला कळतंय?"

हे मी बोलले. लिहून ठेवते.

"कुणीतरी जोर बंद करायला जाईल आणि त्याचा कॉम्प्युटर तापत बसेल, वहिनी. खाली नाव माझं." मग म्हणाले, "दादानं नुसता पंखा ऐकून सांगितलं असतं."

"सांगितलं असतं," मी म्हटलं.

त्यांनी तिथेच स्टुलावर बसून हेडबाईंना लिहिलं, काम मागे घेतो, अमुक चूक आहे, वहिनींच्या नोंदीवरून सापडली. पाठवण्याआधी हात एकदा थांबला. चष्मा काढून पुसला, परत लावला, पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. आभार, दुरुस्त करून पाठवा, सप्टेंबरात घेऊ.

"सप्टेंबर," भाऊजी म्हणाले, आणि बोटांवर महिने मोजले.

सोमवारी यादी आली. ते घेऊन आले. नेहमीसारखी सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. अकरावं नाव कुणा दुसऱ्याचं होतं. ते त्यांनी इतरांसारखंच, न अडखळता वाचलं. मग यादीची घडी घातली आणि म्हणाले, "उद्या येऊ का? दुरुस्ती इथेच तपासावी लागेल. वेळ तुम्ही लिहा."

"या," मी म्हटलं. "आणि कानातलं घालून या. तुम्हालाही ऐकू येऊ दे."

ते गेल्यावर ह्यांची खुर्ची जागेवर सरकवायला मी आत गेले, तर भाऊजींनी ती आधीच जागेवर ठेवली होती. संध्याकाळी वहीत लिहिलं: यादी आली. उद्या भाऊजी येणार. पिठाचा डबा घासून उन्हात ठेवला होता, तो आत घेतला.