सब्बलवाल्या मॅडम

मॅडमच्या स्कूटीला एक लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, बांधलेली असायची. पुढे पाय ठेवायच्या जागेवरून तिरपी निघून मागच्या सीटच्याही बाहेर हातभर गेलेली, टोकाला लाल फडकं गुंडाळलेली. घरकुलाच्या कामावर पंचायत समितीत कंत्राटावर लागलेली ही मुलगी पहिल्यांदा आमच्या गावात आली, तेव्हा पानठेल्यावरच्या माणसांना वाटलं, विहीर खोदणारी कुणी असेल. इंजिनिअर आहे म्हटल्यावर ते हसले. पुढे तिचं खरं नाव कुणी घेईना आणि ती सब्बलवाल्या मॅडम होऊन बसली. मी तेव्हा गावची सरपंच होते, आणि सरळच सांगते, मला ती पहिल्या दिवसापासून खुपली.

आमचं गाव सानगडीच्या अलीकडे, मोठ्या तलावाला लागून आहे. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाच्या पायथ्याला, काही घरं होती. पावसाळा लागला की पाळ झिरपायची आणि त्या घरांची भुई आतून ओली व्हायची. त्यांतली कांताबाई तर खाटेखाली विटा घालून वर निजायची आणि सकाळी उठून आधी भुईवर राख पसरायची. या सगळ्यांना घरकुलं मंजूर झाली होती, पण बांधायला जागा नव्हती. गावात सरकारी जमीन होती ती निम्मी कागदावर झुडपी जंगल. झुडूप एकही नाही, तरी परवानगीशिवाय कुदळ मारायची सोय नाही. जागा दाखवली नाही तर मंजुरी परत जाणार होती. 'पाळीखालची माणसं वर आणीन' एवढ्या एका शब्दावर मी निवडून आले होते, त्यामुळे जागा शोधण्याचा मान माझाच, असं मी धरून चालले होते.

मॅडमची एक सवय होती. ती आधी ग्रामपंचायतीत यायचीच नाही. थेट कुणाच्या तरी चुलीपुढे जाऊन बसायची आणि बायांना विचारायची, सरपण कुठं वाळवता, पाणी कुठं साचते, लेकरू कुठं घसरते. बाया तिला सगळं सांगायच्या. मी विचारलं की त्याच बाया 'सारं ठीक हाय ताई' म्हणून पदर सारखा करायच्या. आमच्या घरीही तेच. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात मला कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही. मॅडम दारात दिसली की मात्र त्या लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला बसायच्या. “पोरगी उन्हातान्हात फिरून राहिली, काई पोटात हाय का नाई तिच्या,” असं म्हणायच्या. मी काय सावलीत फिरत होते? पण ते विचारायची सोय नव्हती. मुकाट्यानं वडे वाढायचं काम माझ्याकडे असायचं.

मी जागा शोधली होती. डांबरी रस्त्याला लागून, शाळेजवळ, सपाट आणि सरकारी. कुणीही पाहून हो म्हणावं अशी. चैत्रात मी ती सगळ्यांना हिंडवून दाखवली, कांताबाईनं तर आपली चूल कुठे मांडायची तेही ठरवून टाकलं. मॅडम आली, तिनं सब्बल सोडली आणि मातीत मारली. जमीन भेगाळलेली होती. भेगेतून सब्बल अर्धीअधिक आत गेली. ती म्हणाली, ही कन्हार आहे, काळी चिकण माती, उन्हात फाटते आणि पावसात फुगते. इथे भिंत टिकवायची तर पाया इतका खोल न्यावा लागेल की घरकुलाचा पैसा पायव्यातच गडप होईल. मी म्हटलं, “आमचे बापजादे काय हवेत राहत होते? दिसून राहिली ना चांगली जागा.” ती चिडली नाही. म्हणाली, “उन्हाळ्यात सारीच जमीन शहाणी असते ताई. भादव्यात पाहू.”

भादव्यात तिनं तिथे कमरेएवढा खड्डा खणवला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर तो काठोकाठ भरलेला, आणि त्यात बेडूक ओरडत होते. कांताबाई त्या पाण्याकडे पाहून म्हणाली, “मंग पाळीखालून निघून पाळीखालीच जाचं म्हणा की आमाले.” मला तिच्यापेक्षा मॅडमचाच राग आला. खड्डा तिनं खणला होता ना! पाणी जणू तीच टाकून गेली, असं वाटण्याइतकी मी जळत होते.

त्यानंतर ती रोज यायला लागली. रेनकोट घालून ती बांधाबांधानं हिंडायची, मागून मी छत्री सावरत. तलावाकडची जागा दलदलीची, नाल्याकडची वाळूची, पलीकडचं झुडपी जंगल. दोघींचंही तोंड उतरलेलं. अशीच एकदा झड लागली असताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “ताई, एवढ्या पाण्यात ही ढोरं बसून कशी राहिली?” समोर आमचं आखर होतं. सकाळी गावची सगळी ढोरं तिथे गोळा होतात आणि गायकी त्यांना रानात नेतो. ढोरं खरंच आरामात रवंथ करत बसली होती. मॅडम त्यांच्यामधून वाट काढत गेली आणि सब्बल मारली. ती वीतभरही आत शिरली नाही, ठणकन वाजली. खाली पक्का मुरूम होता. आखर गावठाणातच होतं, परवानगीची कटकट नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही ते पाहत होतो, पण ती आम्हाला कधी जागा वाटलीच नाही. ते आखर होतं, बस. तिला ते दिसलं याचा आनंद मला व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याआधी पोटात दुखलं ते मला चांगलं आठवतं.

आता खरी अडचण पुढेच होती. आमचा पोळा आखरावर भरतो. ग्रामसभेत म्हातारी माणसं उसळली. तोरण कुठं बांधाचं, बैल कुठं उभे कराचे, पाच-पंचवीस घरांसाठी साऱ्या गावाचा सण मोडाचा का? मी मॅडमकडे पाहिलं. मनात म्हटलं, इतकी लाडकी आहेस तर बोल आता. ती हळूच म्हणाली, “गाव तुमचं आहे ताई. मी बोलली तं साहेबाचा हुकूम होईल. तुम्हीच बोला.” मी उठले. समोर बसलेल्यांत माझे सासरे होते, आणि पुढच्या निवडणुकीची मतंही तिथेच बसली होती.

“बैलाले एक दिवस कोरडी जागा पाहिजे म्हणता,” मी म्हटलं. “अन् माणसं बारा मयने ओल्यात निजतात, ते कसं चालते तुमाले? पोळा मी रस्त्याजवळच्या जागेवर भरवते. शिव्या द्याच्या तं मले द्या.”

मग सासऱ्यांनीच पहिला हात वर केला.

शिव्या मिळाल्याच. पहिल्याच पोळ्याला त्या कन्हारीत बैल गुडघ्यापर्यंत रुतले, झुली चिखलानं माखल्या, एकाच्या शिंगाची बेगड निघून गेली. इकडे आखरावर घरं उभी राहिली, भुई कोरडी ठणठणीत. गावानं वाटणी करून टाकली. घरं मॅडमनं दिली आणि पोळा सरपंचबाईनं चिखलात नेला. पुढच्या निवडणुकीत मी पडले. मॅडमला हे कळलं तेव्हा ती मुद्दाम येऊन भेटली आणि साऱ्यांसमोर म्हणाली, “जागा मी दाखवली, पण ती मिळवली ताईनं.” मोठेपणा देण्यातही ती माझ्या पुढे. मला तेही सहन झालं नाही, आणि रात्री मी त्याच वाक्यावर रडले.

पुढे तिला कायमची नोकरी लागली, पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. निरोपाला आखरावरच्या सगळ्या बाया आल्या होत्या. सासूबाईंनी तिच्या डब्यात वडे भरले आणि डोळे पुसले. मी आत भांडी घासत बसले. ती आत आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि भांडी विसळू लागली. तिच्यासारखी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही, हे आज सांगायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात कांताबाईच्या नातीचं बारसं झालं. तिच्या आखरावरच्या घरात जन्मलेलं हे पहिलं लेकरू. कांताबाई स्वतः बोलवायला आली, पाळण्याजवळ मानाचा पाट मला दिला. मनात म्हटलं, कोण जाणे, ठेवतीलही माझं नाव. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, ऋतुजा. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, कारण हे मॅडमचं खरं नाव आहे हे त्यांतल्या पुष्कळजणींना माहीतच नव्हतं. कांताबाईनं ते कुठून तरी शोधून, पाठ करून ठेवलं होतं.

मॅडमचा अधूनमधून फोन येतो. आखरावर कोण कसं आहे, भिंतींना ओल तर नाही ना, असं एकेकाचं विचारते. मी सगळं सांगते. बारशाचं तेवढं अजून सांगितलेलं नाही. सांगेन कधीतरी, थोडे दिवस तिला ते माहीत नसू दे.