दिलप्या ज्या गावातून बाहेर पडला नाही

तासगाव आणि पंचक्रोशीतील तमाम नवरदेव, नवऱ्या, वरमाया, करवल्या आणि वरातीत उगाच सगळ्यांच्या पुढं नाचणारे मामा यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, वरात दारात पोचल्यावर जी चाल ऐकून आपण आजवर डोळे पुसलेत, ती चाल तासगावची नाही. सांगली जिल्ह्याचीही नाही. ती जपानची आहे. सर्वांनी नोंद घ्यावी, आणि गाळलेले अश्रू कृपया परत मागू नयेत.

ही घोषणा खरं तर माझ्या मित्रानं, दिलीपनं करायची. आयुष्यभर तो ती करतच होता, कुणी मनावर घेतली नाही. आता माझ्यावर आली आहे. माझा आवाज मोठा आहे. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या लिलावात बोली पुकारणं हाच माझा धंदा. त्या सकाळीही पुकारतच होतो. एका ढिगावर बोली चढत होती आणि खिशातला फोन थरथरला. नाव दिसलं, ‘दिलप्या बेंजो’. मी उचलून म्हणालो, “बोल रं नवरदेवा!” पलीकडे त्याची बायको, सुनंदावहिनी. म्हणाल्या, “भावजी, ह्ये गेलं.” मी विचारलं, “कुठं गेला?” खरंच विचारलं... बेंजोला नवी तार बसवताना मान खाली गेली ती वर आलीच नाही, असं त्या सांगत होत्या आणि समोरून व्यापारी ओरडत होते, “आरं पुकार की, झोपला का काय?” माझ्या तोंडून आकडाच फुटेना. एवढ्या वर्षांत त्या ओट्यावर माझा आवाज पहिल्यांदा बंद पडला. पन्नाशीही न गाठलेला, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला माणूस. तार हातातच राहिली. मला हे अजून पटलेलं नाही. वाचणाऱ्यांनी पटवून द्यायचा प्रयत्न करू नये.

आमची गाठ सांगलीत पडली. विश्रामबागला कॉलेजात मी लोणंदहून आलेला, तो तासगावहून. खोली एक आणि अभ्यासाशी वैरही एकच. तिथं एका गाळ्यात टीव्ही गेमचं दुकान निघालं होतं. तासावर खेळायला मिळायचं. बाकीची पोरं मारामारीच्या गेमवर तुटून पडायची. दिलीपच्या हाती मात्र एक विचित्र कॅसेट लागली होती. सगळं लिखाण जपानीत. एक ठेंगणा शिपाई रानातून राक्षसांशी लढत जायचा आणि मध्येच एक गाव लागायचं. चार घरं, एक विहीर, दोन कोंबड्या. गावात शिरलं की लढाईचं संगीत थांबायचं आणि एक संथ चाल सुरू व्हायची... उन्हातून आलेल्यापुढं कुणी न बोलता पाण्याचा तांब्या ठेवावा, तशी. दिलीप त्या गावात पोचला की पुढं जायचाच नाही. वेशीबाहेर पाऊल पडलं की चाल बंद, म्हणून हा आपला शिपायाला विहिरीभोवती फिरवत बसायचा. दुकानवाले मामा वैतागायचे.

“आरं, बाहीर पड की! पुढं राक्षस हायती, तलवार हाय, राजाची पोरगी हाय!”

“असू द्या की मामा. हितं बरं चाललंय त्येचं.”

“तास संपला तुजा!”

“माजा संपला आसंल. त्येचा न्हाई संपला.”

एकदा मी त्याच्या हातातून रिमोट हिसकावून शिपायाला वेशीबाहेर काढला. पहिल्याच झाडामागच्या राक्षसानं त्याला एका घासात संपवला. दिलीप माझ्याशी परीक्षा संपेपर्यंत बोलला नाही. निकाल लागल्यावर बोलला, कारण दोघांचाही सारखाच लागला होता आणि घरी काय सांगायचं यावर चर्चा आवश्यक होती.

मी लोणंदला कांद्यात शिरलो. तो तासगावला गेला, घरच्या द्राक्षबागेत कामाला लागला आणि लग्नसराईत गावातल्या बेंजो पार्टीत वाजवू लागला. आपल्याकडं बेंजो म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं, तारांचं आणि बटणांचं वाद्य. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्णे लावून त्याचा आवाज तीन गल्ल्यांत पोचवतात. पहिल्याच हंगामात दिलीपनं आगाऊपणा केला. नाचून झालेलं, वरात दारात आलेली, नवरी माप ओलांडायला उंबऱ्यावर उभी. हा हात वर करून ढोल आणि हलगी थांबवतो आणि एकटाच ती गेममधल्या गावाची चाल धरतो! पार्टीच्या मालकानं डोळे वटारले. पण दिवसभर रडून सुजलेल्या डोळ्यांच्या त्या नवरीनं मान वर केली आणि पहिल्यांदाच ते घर नीट पाहिलं. हे मला दिलीपनं सांगितलेलं नाही. मी त्या वरातीत नाचत होतो, मी पाहिलं.

त्यानंतर ‘दिलप्याची चाल’ ठरल्याशिवाय वरातीची सुपारी पक्की होईना. लोक पाठ थोपटायचे, तो मान हलवायचा. “माजी न्हाई ओ ती. जपानची हाय.” एक म्हातारबाबा तर जाम हसले होते. “आवं, जपानात वराती असत्यात व्हय? लय इनोदी गडी!” जितका तो नाही म्हणायचा तितका त्याच्या नम्रतेचा बोलबाला व्हायचा. माझ्यापाशी मात्र तो एकच गोष्ट बोलून दाखवायचा. “ज्येनं केली त्येचं नाव तरी कळाय पायजे गड्या. येकदा तरी त्येचं नाव घेऊन वाजवीन.”

शेवटचा भेटला तो गेल्या लग्नसराईत. लोणंदजवळची सुपारी आटपून आमच्याकडं जेवायला आला. माझी लेक मुक्ता पुण्यात शिकते. तिला फोन लावून, वरणाचा हात तसाच अधांतरी धरून, यानं तिला पूर्ण चाल गुणगुणून दाखवली. “काका, शोधतेच,” ती म्हणाली. निघताना ट्रॉलीवरून ओरडला, “कळलं की लगेच फोन कर रं! मी वाजवत असलो तरी कर!”

मुक्तानं शोधलं. कुणाकुणाला विचारत, कित्येक जुने खेळ उलथेपालथे करून शोधलं... आणि तिचा निरोप आला तो दिलीप गेल्यानंतर. मी सवयीनं ‘दिलप्या बेंजो’ला फोन लावला. रिंग वाजल्यावर भानावर आलो आणि विजेचा झटका बसावा तसा फोन कापला.

उत्तरकार्याला तासगावला गेलो. चौकात बेंजो पार्टीच्या पोरांनी फ्लेक्स लावला होता: दिलीपचा फेट्यातला फोटो आणि खाली ‘अजरामर चालीचे जनक’. दिलीपनं पाहिला असता तर खाली मान घालून मागच्या गल्लीनं घरी गेला असता. घरात, तो बसायचा त्या कोपऱ्यात बेंजो होता, त्यावर त्याचा वाजवताना बांधायचा केशरी फेटा पांघरलेला. एक तार अजून सुटलेली. जेवणं उरकल्यावर मी फेटा बाजूला केला, फोन बेंजोला टेकवून उभा ठेवला आणि मुक्तानं पाठवलेली चित्रफीत चालू केली. मोठं सभागृह. काळ्या कपड्यांतले एवढे वादक की आपल्या वरातीत एवढी माणसं नसतात. आणि सुरू झाली... दिलप्याची चाल. दुसऱ्याच सुराला सुनंदावहिनींच्या हातातलं ताट खाली आलं. घरातलं माणूस माणसाकडं बघेना. शेवटी पडद्यावर एक पांढऱ्या केसांचे वृद्ध गृहस्थ आले आणि कमरेत वाकले. चाल त्यांची. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्या उच्चारानं त्यांचा अपमान व्हायचा.

पहिले भानावर आले ते दिलीपचे चुलते, नाना. “म्हंजी... आमच्या दिलप्यानं चोरली व्हय ही? आन् चौकात जनक म्हून लिवलंय? उतरवा त्यो फ्लेक्स! आब्रू गेली घराची!”

वहिनी रडत होत्या, पण आवाज खणखणीत होता. “त्येंनी कवा म्हटलं हुतं, माजी हाय म्हून? जल्मभर न्हाई न्हाई म्हनत हुतं. तुमीच हसत हुता, नाना!”

मग मी त्या चित्रफितीखाली जगभरच्या लोकांनी लिहिलेलं मराठी करून वाचलं. कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडची बाई. सगळ्यांचं एकच रडगाणं: लहानपणी मी त्या गावातून बाहेरच पडायचो नाही, चाल थांबेल म्हणून. आणि मुक्तानं सांगितलेलं तेही सांगितलं, की आपला हा बटणांचा बेंजोसुद्धा मुळात जपानहूनच आलेला. नानांनी बेंजोकडं असं पाहिलं, जणू तो इतकी वर्षं घरात खोट्या नावानं राहत होता.

दिलीपची आई, आक्का, भिंतीला टेकून बसली होती. नाना पुन्हा अब्रूवर येणार, तेवढ्यात तिनं पदर सावरला, फोनमधल्या त्या वाकलेल्या म्हाताऱ्याकडं बोट केलं आणि सगळ्यांवर एकदम कडाडली,

“आरं, समद्या पावन्यांस्नी निरोप धाडलासा... मग त्येला कुणी कळवलं का न्हाई, आमचा दिलप्या गेला म्हून?”