कॅप्टनने कप खाली ठेवला

कोल्हापुरात फुटबॉलला नुसता खेळ म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. तिथं तो पेठेचा मान असतो. मॅच जिंकली तर गल्लीभर गुलाल, हरली तर घराघरात चुली उशिरा पेटतात. चंद्रशेखर इंगवले या मातीत वाढला. कॉलेजच्या संघात तो डावीकडून खेळायचा, आणि त्याचा डावा पाय बघायला आमच्या भुदरगडातून माणसं एसटीच्या टपावर बसून जायची. हे मी अभिमानानं सांगतो, कारण टपावर बसणाऱ्यांत आमच्या घरचीही होती.

त्याची एक रीत होती. बाकीचे खेळाडू "दे, दे" म्हणून ओरडायचे, हा कधी बॉल मागायचा नाही. बॉल जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभा राहायचा. मैदानाबाहेरही तसंच. खानावळीत मीठ कमी पडलं तरी तो अळणी आमटी पिऊन उठायचा, पण शेजाऱ्याला "जरा मीठ सरकव" म्हणायचा नाही.

चीनच्या लढाईनंतर सैन्याला तरुण अधिकारी हवे होते. चंद्रशेखर गेला आणि पुढं कॅप्टन झाला. पेठेतले लोक म्हणाले, "आम्ही त्याला आधीच कॅप्टन केला होता. सरकारला उशिरा समजलं." मुदत संपल्यावर तो परतला. थोडे दिवस इकडं, थोडे दिवस तिकडं नोकरी केली आणि पंच्याहत्तर साली बहारीनला आला. सित्र्याच्या कारखान्यांच्या भागात टाक्या आणि रस्ते बांधणारी एक परदेशी कंपनी होती. तिथं तो वाहतूक अधिकारी झाला. डंपर, क्रेन, टँकर आणि ते चालवणारे आम्ही, सगळे त्याच्या हाताखाली.

त्या तापलेल्या बेटावर शुक्रवार ही आमची दिवाळी होती. मआमीर गावाशेजारी ओहोटी लागली की समुद्र लांब सरकायचा आणि मागं ओली, सपाट, आरशासारखी वाळू उरायची. तिथं कॅप्टन आम्हाला खेळवायचा. एका बाजूला आम्ही ड्रायव्हर आणि फिटर, दुसऱ्या बाजूला गावची तरणी मंडळी. पंच नव्हता, घड्याळ नव्हतं. भरतीचं पाणी घोट्याला लागलं की मॅच संपली. चाळिशीला आलेला कॅप्टन पाणी उडवत डावीकडून सुटला की दोन्ही बाजूंचे लोक खेळ विसरून बघत राहायचे.

बघणाऱ्यांत एक म्हातारा असायचा. मुहर्रकचा बू राशिद, म्हणजे राशिदचा बाप. तिथं माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. तरुणपणी तो मोत्यांच्या गलबताचा नाखवा होता आणि मोती विकायला मुंबईला यायचा, म्हणून त्याला बऱ्यापैकी हिंदी येई. जीपमधून स्वतःची खुर्ची आणायचा, वाळूत रोवायचा आणि पाणी खुर्चीच्या पायांना लागेपर्यंत उठायचा नाही.

ब्याऐंशी साली कंपनीचं काम संपलं. महिनाअखेरीला सगळ्यांनी परत जायचं ठरलं. आमचे व्हिसा कंपनीचे, कंपनी गेली की आम्हीही गेलो. आम्ही ट्रंका बांधायला घेतल्या.

कॅप्टनच्या मनात मात्र बरीच वर्षं एक गॅरेज घोळत होतं. अवजड गाड्या दुरुस्त करणारं, हीच माणसं घेऊन चालवायचं गॅरेज. जागा हेरलेली होती, पैसे साठवलेले होते. अडत होतं एकाच गोष्टीपाशी. तिथल्या कायद्यानं धंद्याला तिथलाच भागीदार लागतो. तो मिळाला नाही तर त्यालाही घरी जावं लागणार होतं, आणि आमची पांगापांग होणार होती. बू राशिदला एकदा विचारायचं, एवढंच काम होतं. आणि तेच त्याला जमत नव्हतं.

गुदैबिया भागातल्या कॅप्टनच्या खोलीवर त्याच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी विषय काढला. "अहो, नुसतं विचारून या. नाही म्हणाले तर काय, तुमचा पाय कापून घेणार आहेत का?"

"मी कुणाच्या दारात हात पसरायला जाणार नाही."

"हात पसरू नका. तोंड उघडा."

रत्नागिरीकडचा इक्बाल परकार तिथंच चहा घेत बसला होता. कंपनीत कारकून, अरबी बोलणारा, कॅप्टनचा जिवलग. तो म्हणाला, "ठीक आहे, मागू नको. पण म्हातारा सात वर्षं तुझा खेळ बघतोय. जाताना निरोप तरी घेशील का नाही?"

निरोपाला कॅप्टन तयार झाला, इक्बालही बरोबर निघाला. गाडी मी चालवत होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

बू राशिदच्या बैठकीत भिंतीला लागून गाद्या आणि लोड होते. आठ-दहा वयस्क मंडळी बसली होती. म्हाताऱ्यानं कॅप्टनला आपल्या उजव्या हाताला बसवलं. नोकरानं लांब चोचीच्या किटलीतून वेलदोड्याची कडू कॉफी बिनकानाच्या चिमुकल्या कपात ओतली आणि पहिला कप कॅप्टनच्या हातात दिला.

आता आपल्या घरचं वळण बघा. वडीलधारा माणूस समोर असताना आपण आधी तोंडाला कप लावत नाही. कॅप्टननं कप अलगद खाली ठेवला आणि म्हाताऱ्याच्या कपाची वाट बघू लागला.

बैठकीतल्या नजरा त्या कपाकडं वळल्या. कुणी माळ ओढत होता, तो थांबला. बू राशिद ताठ बसला आणि हिंदीत म्हणाला, "बोलो कप्तान. क्या हाजत है, क्या चाहिए?"

"काही नाही, बाबा. निरोप घ्यायला आलो." कॅप्टननंही हिंदीतच उत्तर दिलं.

"तो पियो."

"आधी आपण घ्या."

मंडळींच्या भुवया वर गेल्या. इक्बालनं कॅप्टनच्या मांडीला चिमटा घेतला आणि हसरा चेहरा ठेवून मराठीत कुजबुजला, "अरे बाबा, काय करून बसलास! इथं पाहुण्यानं भरला कप खाली ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमान 'देतो' म्हणेपर्यंत तो पीत नाही."

"मग आता पितो की."

"आता कसा पितोस? सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं. आता काही नाही म्हणालास तर तुझा त्यांच्यावर भरवसा नाही असं होईल. माग!"

"काय मागू?"

"ते पण मीच सांगू?"

मी दाराशी चपलांजवळ उभा होतो, तिथवर ही कुजबुज ऐकू येत होती. पासष्टच्या लढाईत गोळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस त्या चमचाभर कॉफीसमोर घामाघूम झाला. कान लाल. त्यानं एकदा कपाकडं पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडं. मग मान वर करून, परेडवर बोलावं तसं खड्या आवाजात म्हणाला, "बाबा, मला गॅरेज काढायचं आहे. माझी माणसं घरी जातील, ती मला इथं ठेवायची आहेत. त्यासाठी तुमचं नाव पाहिजे. तुम्ही माझे भागीदार व्हा."

बोलून झाल्यावर त्यानं असा श्वास सोडला, जणू पूर्ण मैदान पळून आला असावा.

बू राशिदनं जराही वेळ लावला नाही. "दिया," तो म्हणाला. "अब पी ले. ठंडा हो गया."

कॅप्टननं एका घोटात कप रिकामा केला. बैठक खळखळून हसली. म्हातारा हसत पुढं म्हणाला, "मैं बंबई में बहुत चाय पिया है, कप्तान. तुम लोग बड़े के पहले नहीं पीता, मालूम है मेरे को. लेकिन तुम्हारा मुँह देखा, तो मैं बोला, आज इसको छोड़ना नहीं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" कॅप्टन थक्क.

"तीन महीने पहले कंपनी बंद होने का सुना, तब से राह देखता हूँ, ये आदमी कब माँगेगा."

त्या संध्याकाळी आम्ही थेट सित्र्याच्या कॅम्पवर गेलो. बराकीत सगळे ट्रंकांना दोऱ्या बांधत होते. कॅप्टन दारात उभा राहिला. आजवर त्यानं आम्हाला हुकूम दिले होते. त्या दिवशी तो घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, गॅरेज काढतोय. मला तुमची गरज आहे. थांबाल का?"

माणसं दोऱ्या हातात धरून एकमेकांकडं बघू लागली. शेवटी आजऱ्याचा विठ्ठल फिटर ट्रंकेवर बसूनच म्हणाला, "साहेब, हा हुकूम म्हणायचा का विनंती?"

"विनंती."

"मग परत एकदा म्हणा की. लई गोड लागतंय कानाला."

"विठ्ठल, जास्त बोलू नकोस."

"बघा, आला हुकूम!"

बराक हसून दणाणली. कॅप्टनही हसला, आणि त्यानं परत एकदा, सावकाश, एकेकाच्या तोंडाकडं बघत विचारलं. विठ्ठल उठला, आपल्या ट्रंकेची गाठ दातानं सोडली आणि दोरी खिडकीतून बाहेर फेकली. मागोमाग दुसरी दोरी गेली, मग तिसरी. बाहेर वाळूत दोऱ्यांचा ढीग पडला, आणि आत माणसं ट्रंकांतून आपापले सदरे काढून पुन्हा खिळ्यांना अडकवू लागली.