हाताखालून आत गेलेली डॉक्टर

माझा नवरा आतल्या खोलीत छातीवर हात दाबून घामाघूम पडलेला असताना, त्याला वाचवायला आलेल्या डॉक्टरला मी दारात अडवलं आणि बूट काढायला लावले. लावले म्हणजे, लावायचा प्रयत्न केला. तेव्हा माझं वय अवघं एकसष्ट. अक्कल यायची होती.

त्या दिवशी आमच्याकडे गौरी जेवणार होत्या. शनिवार पेठेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलमध्ये दोघीजणी नटूनथटून बसलेल्या, पुरण वाटून झालेलं. नैवेद्याचं पान वाढायला घेतलं आणि आमच्या ह्यांनी आतून हाक मारली. जाऊन बघते तर हे पलंगाला टेकून जमिनीवर. पुतण्याने फोन लावला. केळीची पानं आणायला गेलेला माणूस परतायच्या आत रुग्णवाहिका आली.

दारात एक सावळी, ठेंगणी, पस्तिशीची बाई. पाठीवर बॅग, हातात यंत्र, पायात घोट्यापर्यंतचे लेसवाले बूट. मागे स्ट्रेचर घेऊन ड्रायव्हर.

"पेशंट कुठे आहे?"

"आत. आधी बूट काढा. गौरी बसल्यात."

"काकू, लेस आहेत."

"मग सोडा. आमचे जावई अमेरिकेहून येतात, तेसुद्धा बाहेरच काढतात."

मी पैठणी नेसून, दोन्ही हात चौकटीला लावून उभी. गौरींच्या पुढून कुणी बूट घालून जाणार नाही एवढं एकच मला कळत होतं. घाबरलेल्या माणसाला जे रोज येतं तेच तो जास्त जोरात करतो, तसं काहीसं. आणि मग पुण्यातला तो प्रश्न माझ्या तोंडून गेला. "आपलं आडनाव?"

"रणपिसे."

हे ऐकून माझे हात खाली यायला हवे होते. पण आडनावावरून जात ताडली आणि ते चौकटीला आणखी घट्ट चिकटले. ही गोष्ट सांगताना एवढा भाग मी बरीच वर्षं गाळत असे. आता गाळत नाही.

ड्रायव्हर धायरीचा, मारुती नाव त्याचं. तो जिन्यातून ओरडला, "ओ आज्जे, आत मानूस हाय का न्हाय? मग सोड की दार!" आज्जे म्हटल्याचा राग यायला त्या क्षणी मला सवड होती, यावरून माझी अवस्था ओळखा. मी त्यालाही चार शब्द सुनावले. पुतण्या मागून म्हणाला, आपल्या डॉक्टरांना विचारू या का आधी. त्यालाही सुनावलं.

ती मात्र वाद घालत बसली नाही. वाकली, आणि माझ्या डाव्या हाताखालून सरळ आत गेली. जाता जाता म्हणाली, "वाद घालायला मी संध्याकाळी सातनंतर मोकळी असते."

ही माझी आणि डॉक्टर सुषमा रणपिसेची पहिली भेट.

खोलीत तोवर जेवायला आलेली निम्मी मंडळी जमली होती. एक मामी ह्यांच्या नाकाला कांदा लावत होत्या, एकजण पाणी पाजत होते, एकजण मोबाइल वर धरून उभे. सुषमा दारात थांबली आणि म्हणाली, "ज्यांच्या छातीत दुखतंय त्यांनी थांबा. बाकीच्यांनी बाहेर." खोली क्षणात रिकामी. तारा चिकटवल्या, गोळी चावायला दिली, चादरीसकट उचलून ह्यांना स्ट्रेचरवर घेतलं. गौरींच्या पुढून बूट गेले, स्ट्रेचर गेलं, मागोमाग अनवाणी मीही गेले. कुणाला काही झालं नाही.

पुलावर ह्यांचं हृदय थांबलं. मी पुढे मारुतीशेजारी बसले होते. मधल्या काचेतून मला फक्त तिची पाठ दिसत होती, एका लयीत वरखाली होणारी. पुढची मोटार बाजूला होईना. मारुती खिडकीतून अर्धा बाहेर लोंबून शिव्या देत होता आणि मी, देवाशपथ, त्याला नवनव्या शिव्या सुचवत होते. मागून तिचा आवाज आला, "आला. परत आला. चल."

हे वाचले. पण हृदयाचा बराच भाग गेलेला होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, उपचार जेवढे आधी तेवढं बरं असतं. त्यानंतर दोन मजले चढायला ह्यांना चार ठिकाणी थांबावं लागे. प्रत्येक वेळी हे जिन्यात थांबले की माझ्या मनात एकच यायचं, दारात किती वेळ गेला होता? मी स्वतःला सांगायचे, अर्धं मिनिट. फार तर एक. हे कधीच काही बोलले नाहीत. त्यांना ती गोष्ट माहीत होती. मामींनी दवाखान्यातच सांगितली होती.

महिन्याभराने बेसनाचे लाडू घेऊन मी वारज्याला गेले. तिची गाडी तिथे उड्डाणपुलाखाली उभी असते. मागच्या दारात पाय सोडून ती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती.

"मी माफी मागायला आलेय," म्हटलं.

"लाडू आत्ता घेते. माफी सातनंतर."

मीही हट्टाची. सातपर्यंत तिथेच बसले. सात वाजता ती ड्यूटी संपवून आली, माझं सगळं ऐकून घेतलं. आडनावाचं सांगताना माझी जीभ अडली, तर म्हणाली, "बोला, बोला. ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला कळलंय का, ते बघतेय." मग तिने मला कामाला लावलं.

सुट्टीच्या दिवशी ती सोसायट्यांमधून बोलायची. रुग्णवाहिका आली की फाटक कुणी उघडायचं, लिफ्ट कुणी धरायची, जिन्यातल्या सायकली कुठे हलवायच्या. कोरडं बोलायची, लोक जांभया द्यायचे. तिने मला शेजारी उभं केलं. "या काकू," ओळख करून द्यायची, "आम्हाला सगळ्यात जास्त अडवणारी जमात. नीट बघून घ्या, तुमच्या घरातही एक असेल." मग मी पदर खोचून, हात पसरून, दारातला प्रसंग करून दाखवायचे. जावयाच्या वाक्याला लोक पोट धरून हसायचे. शेवटी मी म्हणायचे, "अर्धं मिनिट अडवलं हो मी, पण बघा, ह्यांना आता दोन मजले चढवत नाहीत." सुषमा मान खाली घालून बॅग आवरायची.

तिचं घर वारज्यातच. आजोबांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतलेला, वडील पोस्टात. बुद्धपौर्णिमेला तिच्या आईने मला खिरीला बोलावलं. दारात पोचताच सुषमा म्हणाली, "काकू, चपला काढताय ना? आमच्याकडे पेशंट नाहीये." आई तिच्यावर डोळे वटारत होत्या. मी मात्र इतकी हसले की वाटीतली खीर साडीवर सांडली.

तिचा खरा कस मला कळला तो एका दुपारी. एका सोसायटीच्या फाटकातच कुणीतरी मोटार आडवी लावलेली. मालक सापडेपर्यंत सुषमा आणि मारुती सामान खांद्यावर टाकून पळत आत गेले. आजारी बाईंच्या मुलाने, "उशीर केलात!" म्हणून सुषमाच्या तोंडात मारली. मोटार त्याचीच होती. तिने बाईंना ऑक्सिजन लावला, खाली उतरवलं, दवाखान्यात पोचवलं, कागदावर सही घेतली. आणि तिथून थेट पोलीस चौकीत गेली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आणि चार थोर माणसं तिच्याकडे तक्रार मागे घ्यायला सांगायला आली. मीही, नेहमीच्या शहाणपणाने, मध्ये तोंड घातलं. "जाऊ दे गं सुषमा, पोरगा घाबरलेला होता."

"काकू, घाबरलेली त्याची आईपण होती. तिने माझा हात धरला. थोबाडीत नाही दिली."

"पण आता माफी मागतोय ना?"

"मागू दे की. मी माफ करते. तक्रार तशीच राहील. उद्या माझ्या जागी दुसरी कुणी जाईल त्याच्या दारात."

पाचही जण उठून गेले. ती त्या दिवशीही वेळेवर ड्यूटीवर होती, गालावर चार बोटं उमटलेली. मारुती सगळ्यांना सांगत होता, "म्याडमनी त्याला सोडला न्हाय, बरं का."

दोन वर्षांपूर्वी हे गेले. झोपेत, शांतपणे, दमलेल्या हृदयाने. तेराव्यानंतर सुषमा आली. बूट दाराबाहेर काढून, आपणहून. मी चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करूनच विचारलं, कारण तिच्याकडे बघून विचारायची हिंमत नव्हती. म्हटलं, "तुमच्या कागदावर वेळ लिहिलेली असते ना? दारात पोचल्याची आणि पेशंटजवळ पोचल्याची?"

"असते."

"किती गेला होता?"

"चार मिनिटं."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही, तिने उठून केला. चार मिनिटं. एवढी वर्षं मी भर सभेत अर्धं मिनिट सांगत होते, आणि ही शेजारी उभी राहून ऐकत होती.

"त्या चार मिनिटांनी ह्यांची किती वर्षं नेली?" मी विचारलं.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, डोळेही पुसले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही, काकू, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काहीच गेलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. रविवारी दहा वाजता धायरीत बोलायचंय. तुम्ही या. हसवा लोकांना हवं तेवढं, पण मिनिटं चारच सांगा."