बैलाच्या कानातला कापूस

माझ्या लेकीने माझ्या भासऱ्यांच्या मनगटाचा चावा घेतला, तो पोळ्याचा दिवस. रक्त निघेपर्यंत चावली. नवऱ्याचे थोरले भाऊ ते. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. पण मला त्या चाव्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पोर तेव्हा बारा वर्षांची. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटायची. शिवण टोचते म्हणून गणवेश टराटरा फाडायची. वेणी घालणं म्हणजे रोजची मारामारी. तिच्या नखांचे ओरखडे माझ्या दंडावर वाळायच्या आत नवे उठत. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं होतं. हिच्या कानाला आणि कातडीला सगळंच जास्त लागतं. आपल्याला जो नुसता आवाज, तो हिला मार. हळूच हात लावला तर झोंबतो, घट्ट दाबून धरलं तर बरं वाटतं. गर्दीत हिचे कान झाका, रागावू नका. कानांवर घालायचा मोठा हेडफोनही त्यांनी आणायला लावला. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं. सासू म्हणाली, नखरे आहेत. नवरा भावाच्या तोंडाकडे पाहू लागला. भावापुढे तो कधीच काही म्हणत नसे.

भासऱ्यांनी निकाल देऊन टाकला. "पोळ्याले तोरणाखाली नीट उभी राह्यली तं ठीक. नाई तं दुसऱ्या दिवशी बाबाकडं नेतो."

अंगातलं भूत उतरवणाऱ्या त्या बाबाकडे माणसाला साखळीने खांबाला बांधून झोडपतात. शेजारच्या गावातली एक बाई तिथून परत आली, ती पुन्हा कोणाशी बोललीच नाही.

पोळ्याच्या सकाळी मी शेणाचं घमेलं घेऊन गोठ्यात गेले, तर भासरे नव्या बैलाजवळ उभे. त्या साली आणलेला जवान बैल, डफड्याच्या आवाजाला बुजायचा. घरातल्या कापसाची सरकी काढून त्यांनी दोन बोळे केले, त्याच्या कानात बसवले आणि मानेवर दोन्ही तळहात रोवून दाबत राहिले. "आवाज सहन नाई होत रे याले," कासरा धरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाले. किती मायेने म्हणाले! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुपारनंतर वेशीत बांबूंवर बांधलेल्या तोरणाखाली बैलांची रांग लागली. भासऱ्यांनी पोरीच्या कानांवरचा हेडफोन ओढून काढला आणि आपल्या पिशवीत टाकला. "लोकं हासून राह्यले. होऊ दे सवय."

मग डफडी सुरू झाली. कोणीतरी फटाक्यांची लड लावली. पोर खाली कोसळली आणि दगडावर डोकं आपटू लागली. कपाळ फुटलं. भासऱ्यांनी तिला दंडाला धरून खेचलं, तेव्हा ती चावली. त्यांनी तिच्या थोबाडात दिली. पुन्हा दिली. तिचा बाप शेजारीच त्या नव्या बैलाचा कासरा धरून पाहत होता.

माझं डोकं फिरलं. नवऱ्याच्या हातातली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, मी हिसकावली आणि सगळ्या गावासमोर भासऱ्यांच्या पाठीत हाणली. त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नव्हता. दुसरा वार खांद्यावर बसला आणि काठी मोडली. मग मी बैलाच्या कानातले बोळे उपसून लेकीच्या कानांत कोंबले आणि तिला माझ्या अंगाखाली दाबून धरलं.

बैल उधळला. तोरणाचा बांबू शिंगावर घेतला, वाटेतली मोटारसायकल तुडवली आणि नवऱ्याला पारापर्यंत फरफटत नेलं. डफडी बंद पडली. चार माणसांनी बैलाला अडवून चुचकारलं. एकानेही त्याच्यावर काठी उगारली नाही.

"त्याच्या कानातला कापूस कायले काढला?" भासरे माझ्यावर ओरडले. "मुकं जनावर हाये ते!"

"पोरीच्या कानावरचं तुमी कायले काढलं?"

"उद्या पहाटेच नेतो तिले," ते म्हणाले.

तेवढ्यात नवरा लंगडत आला. गुडघे आणि तळहात सोलून निघालेले. त्याने भावाच्या पिशवीतून हेडफोन काढला.

"मंग बैलालेई घेऊन चाल, दादा. त्यालेई बांध खांबाले. आवाजानं दोघायलेई तेच होते."

गर्दीत कोणी हसलं नाही. भासरे मनगट धरून घराकडे चालू लागले. बाबाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

नवरा धुळीत बसला. हेडफोन पोरीच्या कानांवर चढवला. मग रक्ताळलेले तळहात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "कितीक जोरानं दाबू?"

मी तोंड उघडायच्या आत पोरच म्हणाली, "आनखी."