ट्रकवरच्या मुशी

चहा उकळत होता. "गाळणं कुठं ठेवलंत?" असं काकांची बायको तिसऱ्यांदा विचारत होती आणि काका पेपरातून डोकं न काढता "तुझ्या हाताखालीच" म्हणत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात संशोधन केंद्रातल्या मॅडम. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काका, निकाल लागला! आपल्याकडच्या मुशी आणि पलीकडच्या किनाऱ्याच्या मुशी एकाच रक्ताच्या. इथल्या कमी झाल्या तरी तिकडच्या भर घालतील. मग विणीच्या महिन्यांतली मासेमारीबंदी हवी कशाला? उद्या मत्स्यखात्याच्या बैठकीत तेच मांडणार."

काकांच्या हातातला पेपर खाली आला. बंदरावर मुशी, म्हणजे शार्क मासे, कापण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. दोन वर्षांपूर्वी मॅडमनी त्यांच्यावर काम सोपवलं होतं. होड्यांतून उतरलेल्या प्रत्येक मुशीच्या पोहायच्या पराचा नखाएवढा तुकडा स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा, वर तारीख आणि बंदर लिहायचं. मुशी हजारो मैल भटकते. पण पिल्लं घालायला आपल्याच किनाऱ्याला परतते का, हे त्या तुकड्यांतल्या डीएनएवरून ताडायचं होतं.

"बसा, बाई," काका म्हणाले. "तुम्ही पन्नास बाटल्या मागितल्या होत्या. त्या हंगामात मुशी आल्या दहा."

"आणि बाकीच्या चाळीस?"

"पलीकडच्या किनाऱ्यावरून बर्फाचे ट्रक यायचे. त्यातल्या मुशींचे तुकडे कापले. बंदर आपलं लिहिलं."

"तरी मी म्हणत होते," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "होड्या रिकाम्या येतायत नि यांच्या बाटल्या भरतायत कशा! तर मलाच म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं."

काकांनी मान वर केली नाही. "वाटलं, मुशी ती मुशी. तुमच्यासमोर दहाच बाटल्या ठेवायची लाज वाटली हो."

"म्हणजे मी पलीकडच्या मुशी पलीकडच्याच मुशींशी ताडून पाहिल्या!" मॅडम म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, दहाच आल्या, हेच तर मला कळायला हवं होतं."

ते काकांच्या जिव्हारी लागलं. कुठल्या महिन्यात पोटुशी मादी उथळ पाण्यात येते, हे त्यांना तोंडपाठ होतं. ती येईनाशी झाली हे सगळ्यांत आधी त्यांनीच पाहिलं होतं, आणि त्यांनीच ते झाकलं होतं.

"ट्रक फक्त गुरुवारी यायचा," ते म्हणाले. "उद्या मला बैठकीला घेऊन चला. तारखा बघून कुठल्या बाटल्या काढून टाकायच्या, ते मी सगळ्यांसमोर सांगतो."