पाईपाला पोतं

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकतं, चौथीच शिकले, तेव्हा सांभाळून घ्यावं.

समता कॉलोनीतल्या ज्या दवाखान्यात मी फरशी पुसते, तिथं एक फिटर येतो. कामाला लागण्याआधी तो पाईपावर हात फिरवतो आणि म्हणतो, "रडू नको, बेटा."

पावसाळ्यात थंड पाण्याच्या पाईपाला घाम सुटायचा, खाली पाणी साचायचं आणि डॉक्टरसाहेब मला कामावरून काढायची धमकी द्यायचे. पाईपाच्या दुकानदारानं फिटरला पाईपावर काळं रबर चढवायला सांगितलं, म्हणजे घाम सुटत नाही. फिटर हसला. "माठाले पोतं, कूलरले पोतं, मग पाईपालेच रबर काहून?"

त्यानं पोतं गुंडाळलं. पोत्यानं सगळा घाम पिऊन घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट टपकू लागलं. आपलं काम बघायला ऐटीत आलेला फिटर तिथंच घसरून आडवा झाला.

डॉक्टरसाहेब माझ्यावरच ओरडले, "आजही पोछा नाही मारला? उद्यापासून येऊ नको!"



फिटर खालूनच म्हणाला, "दीदीले काही बोलू नका, साहेब. तिनं आत्ताच पुसलं होतं. माहं पोतंच टपकून राहिलं. दीदीले काढत नाही अन् रबर आणतो म्हणा, मगच उठतो."

साहेब हो म्हणेपर्यंत तो खरंच उठला नाही.